एका घराचे प्यादे

बुद्धिबळावरील कोणताही इंग्रजी ग्रंथ घ्या आणि त्याची अनुक्रमणिका चाळा. डावाच्या सुरुवातीच्या चालींना तेथे जी नावे दिलेली असतात, त्यांत देशांची आणि शहरांची नावे पुष्कळ आढळतील. स्पॅनिश आहे, फ्रेंच आहे, सिसिलियन आहे, व्हिएन्ना आहे. त्या पंक्तीत आपल्या देशाचे पान एकदा नव्हे, चांगले चारदा वाढलेले आहे : किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, निम्झो-इंडियन आणि ओल्ड इंडियन. ज्यांच्या घरी दिवाळीत चकलीचा डबा मध्ये ठेवून पट मांडला जातो, त्यांच्या कानांवर ही नावे कधी ना कधी गेलेली असतातच. मलाही ती पुष्कळ वर्षे ऐकून माहीत होती. पण ह्या नावांतला 'इंडियन' म्हणजे नेमका कोण, हा प्रश्न माझ्या मनात फार उशिरा आला, आणि आला तो एका हरलेल्या डावामुळे.

तो डाव कलकत्त्याचा. साल १८५५, महिना मे. पांढरी मोहरी जॉन कॉक्रेन ह्यांची आणि काळी महेशचंद्र बॅनर्जी ह्यांची. कॉक्रेन हे मूळचे स्कॉटलंडचे, धंद्याने बॅरिस्टर, जन्म १७९८ चा. त्यांचा तडाखेबंद खेळ विलायतेत प्रसिद्ध होता. १८४१ ते १८४३ ह्या काळात ते रजेवर लंडनला गेले, तेव्हा त्या काळचे अग्रगण्य खेळाडू स्टाँटन ह्यांच्याशी त्यांनी शेकडो डाव खेळले. कलकत्त्यास परतल्यावर त्यांच्या तोडीचा प्रतिस्पर्धी मिळेना. १८४८ च्या सुमारास कोणीतरी बातमी आणली, की मुलुखात एक ब्राह्मण आहे आणि त्याला अजून कोणी हरवलेले नाही. तोच हा महेशचंद्र. पुढे ह्या दोघांनी दहाबारा वर्षे पटावर एकमेकांची संगत केली. त्यांचे शेकडो डाव आज उपलब्ध आहेत, ते केवळ कॉक्रेनना डाव लिहून ठेवण्याची आणि विलायतेस पाठवण्याची सवय होती म्हणून. इंग्रजांनी महेशचंद्राचे नाव इतक्या परींनी लिहिले आहे, की त्यातले एक माहीत असलेला माणूस दुसरे वाचून हा कोणी निराळाच गृहस्थ असावा असे समजेल.

बारामतीला कऱ्हेकाठी राहणाऱ्या माझ्यासारख्याने कलकत्त्याच्या डावात एवढे काय पाहिले, असे कोणी विचारील. पाहिले ते सांगतो. पट जवळ असेल तर मोहरी मांडून घ्यावी; नसेल तरी चालेल, मी सावकाश जाईन.

कॉक्रेननी पहिल्या चालीला वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकले. महेशचंद्राने राजाकडचा घोडा काढला. कॉक्रेननी वजिराच्या उंटापुढचे प्यादेही दोन घरे रेटले. त्या काळच्या विलायती खेळाडूने ह्यावर आपले प्यादे मध्यावर आणून छातीला छाती भिडवली असती. महेशचंद्राने तसे केले नाही. त्याने राजाकडच्या घोड्यासमोरचे प्यादे उचलले आणि ते एकच घर सरकवले. एकच! मग त्या रिकाम्या झालेल्या घरात उंट आणून बसवला, असा की पटाच्या एका कोपऱ्याजवळून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंतचा सगळा तिरपा रस्ता त्याच्या नजरेखाली यावा. राजाने किल्लेकोट केला. मध्यंतरी मधले प्यादे देऊन-घेऊन झाले, घोड्याला घोडा गेला, आणि आठव्या चालीला काळ्याने आपल्या वजिराच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे टाकून पांढऱ्याने ऐटीत उभारलेल्या मध्याच्या मुळावर घाव घातला.

जाणकारांनी ओळखले असेल. ह्या मांडणीला आज 'ग्रुनफेल्ड' म्हणतात. व्हिएन्नाचे अर्न्स्ट ग्रुनफेल्ड १९२२ मध्ये ती खेळले, आणि शत्रूला मध्य काबीज करू द्यावा, मग दुरून त्यावर मारा करावा, हा काहीतरी नवा साक्षात्कार आहे असे युरोपला वाटले. महेशचंद्राचा हा डाव त्याच्या सदुसष्ट वर्षे आधीचा आहे.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो दुःखाचा आहे. तेरा चालींपर्यंत काळ्याचा डाव मुळीच वाईट नाही. चौदाव्या चालीला महेशचंद्राने किल्लेकोटातला हत्ती राजाशेजारून उचलून एक घर बाजूला नेला. माझ्या मते डाव येथे सैल झाला, कारण राजाच्या उंटापुढच्या प्याद्याला आता राजावाचून दुसरा राखणदार उरला नाही. आणि पांढरा वजीर तर नेमका त्याच तिरप्या रेषेवर येऊन बसला होता. कॉक्रेननी हत्तीने काळ्या वजिराला दोनदा हुसकावून मूळच्या घरी परत धाडले, घोडा पुढे आणला आणि अठराव्या चालीला त्या अनाथ प्याद्यावर घातला. महेशचंद्राने घोड्याने पांढऱ्या वजिरावर उलट हल्ला केला. त्यावर तीन चालींत मात आहे. पांढरा घोडा हलतो, त्यासरशी घोड्याचा आणि वजिराचा असा दुहेरी शह बसतो. राजा कोपऱ्यात जातो. वजीर त्याच्या अंगाला भिडून स्वतःचा बळी देतो. हत्तीला तो मारावाच लागतो. आणि स्वतःच्याच मोहऱ्यांनी कोंडलेल्या त्या राजाला एकटा घोडा मात करतो. राजा कोपऱ्याऐवजी दुसरीकडे निघाला तर वजीर त्याला तिथेच गाठतो. देखणा शेवट आहे. कॉक्रेनचे कौतुक करण्यात मी कंजुषी करणार नाही.

माझे मन मात्र त्या एका घरापाशी अडकून राहिले, आणि त्याचे कारण इंदापूरला आहे.

माझे आजोळ इंदापूरचे. १९५८-५९ च्या सुमारास आम्ही मुले मे महिन्यात तेथे जात असू. दुपारी उन्हाने पुणे-सोलापूर रस्ता ओस पडला, की आजोबांच्या ओट्यावर पट मांडला जाई. पट कापडी, मोहरी लाकडी, हत्तींपैकी एकाच्या जागी सुपारी. समोर शेजारचे एक वृद्ध मुसलमान गृहस्थ बसत. सारे गाव त्यांना चाचा म्हणे. आजोबा त्यांना "अहो चाचा" म्हणत आणि चाचा आजोबांना "अण्णासाहेब". दोघेही एकमेकांशी फार अदबीने बोलत आणि पटावर फार निर्दयपणे वागत.

त्यांचा खेळ आमच्या शाळेतल्या खेळाहून वेगळा होता. त्यात प्यादे पहिल्या चालीलादेखील एकच घर चाले. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला साऱ्या डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येई, तीही एकदा शह बसण्याच्या आधी. प्यादे शेवटच्या घराला पोचले, की ज्या मोहऱ्याच्या रांगेत पोचले त्या मोहऱ्याचे होई. वाटेल तो वजीर मागायचा नाही. समोरच्याचा नुसता राजा उरला तर डाव बुर्जी, म्हणजे अर्धाच जिंकला. म्हणून जिंकणाऱ्याला शत्रूचे शेवटचे मोहरे जपत मात करावी लागे. आणि प्याद्याने केलेली मात, प्यादमात, ही सर्वांत मानाची. चाचांनी प्यादमात केली म्हणजे आजोबा त्यांना आतून चहा मागवीत. हत्तीने केली तर नुसते पाणी.

एकदा पुण्याच्या कॉलेजात शिकणारा माझा मामेभाऊ त्यांच्याशी खेळायला बसला आणि त्याने पहिल्याच चालीला प्यादे दोन घरे टाकले. आजोबांनी ते शांतपणे एक घर मागे ओढले.

"आजोबा, आता दोन घरं चालतात."

"अरे, पायउतार माणूस तो. घोड्यावर बसवून आणलास का त्याला?"

चाचा हसले आणि म्हणाले, "अण्णासाहेब, पोरगं सरकारी कायद्यानं खेळतंय."

ह्या सरकारी कायद्याचा आणि गावच्या कायद्याचा झगडा मला आषाढात अधिक कळला. तुकोबांची पालखी बारामतीवरून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी अशी इंदापुरास येते. त्या मुक्कामात वारकऱ्यांपैकी कोणी ओट्यावर टेकला आणि त्याची नजर पटावर गेली, तर आजोबा त्याला आग्रहाने बसवीत. पण मोहरी हलण्यापूर्वी दोघांचा करार व्हावा लागे. तुमच्याकडे राजाची उडी आहे का? उडीत मोहरे मारता येते का? प्यादे घोड्याच्या घरात पोचले तर त्याला लगेच एक चाल मिळते का? कोणी मराठवाड्याचा, कोणी नगरकडचा, आणि प्रत्येकाचा कायदा दुसऱ्याहून निराळा. कधीकधी करार पुरा होईतो पालखी उठायची वेळ होई आणि डाव राहूनच जाई. देशी बुद्धिबळ का मावळले ह्याचे उत्तर मला पुढे अनेक ठिकाणी वाचायला मिळाले, पण त्या ओट्यावर ते आधीच मिळालेले होते. चार कोसांवर बदलणारा खेळ चारशे कोसांवरच्या माणसाशी खेळता येत नाही.

आता त्या एका घराकडे वळू. प्यादी एकेक घर चालत असली, तर दोन्ही सैन्यांची गाठ पडायलाच आठदहा चाली जातात. तोवर खेळाडू काय करणार? तो आपला गड बांधतो. घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवायचे, मागे उंट बसवायचा, मधली प्यादी एकमेकांच्या आधाराने लावायची, राजाला उडी मारून आडोशाला न्यायचे. आजोबांचा डाव असाच सुरू होई, चाचांचाही. युरोपात प्याद्याला पहिल्या चालीची दोन घरे कित्येक शतकांपूर्वी मिळाली, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस वजीर नि उंट लांब पल्ल्याने धावू लागले. त्या घाईच्या खेळात वाढलेल्या माणसाला ही सावकाश बांधणी भित्रेपणाची वाटली. महेशचंद्र विलायती नियम शिकला. ह्या डावात त्याने प्यादी दोन-दोन घरेही टाकली आहेत. पण घोड्यापुढचे ते प्यादे मात्र त्याने जुन्या सवयीने एकच घर सरकवले आणि पाहिले, की नव्या नियमांतही हा गड उभा राहतो. इतकेच नव्हे, तर आत दडवलेला उंट शत्रूच्या मध्याला सुरुंग लावतो. कोणी म्हणेल, ही सवय नव्हे, प्रतिभा. माझा त्याला विरोध नाही. सवयीतले कोणते टाकावे आणि कोणते ठेवावे हे ज्याला कळते, त्यालाच आपण प्रतिभावान म्हणतो.

'इंडियन डिफेन्स' हे नाव छापून आलेले १८८४ पासून आढळते आणि त्याचा संबंध महेशचंद्राशीच जोडलेला आहे. येथेच मला राग येतो. कॉक्रेननी १८४८ साली महेशचंद्राशी खेळताना, तिसऱ्या-चौथ्या चालीलाच, राजाच्या उंटापुढच्या त्याच प्याद्यावर घोडा बळी दिला होता. ती चाल धाडसाची आहे, बरोबर आहे की नाही ह्यावर अजून वाद चालतात. पण जगातल्या प्रत्येक पुस्तकात तिला 'कॉक्रेन गँबिट' म्हणतात. म्हणजे एकाच पटावर समोरासमोर बसलेल्या दोन माणसांपैकी एकाच्या चालीला त्याचे नाव मिळाले आणि दुसऱ्याच्या चालीला त्याचा देश. कोट्यवधींच्या नावाने एखादी गोष्ट ओळखली जाऊ लागली, की तिचा कर्ता शोधण्याचे कोणाला कारणच उरत नाही. आणि त्या मांडणीतल्या विशेष शाखेला माणसाचे नाव द्यायची वेळ आली, तेव्हा ते व्हिएन्नाच्या माणसाचे दिले गेले. ग्रुनफेल्डचा ह्यात काही दोष नाही; तो थोर खेळाडू होता.

आपल्या बाजूलाही दोष आहेच. आपण लिहिले नाही. निदान पुरेसे लिहिले नाही. ग्रंथ अजिबात नव्हते असे मात्र नाही. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातले, काशीत राहिलेले नीळकंठ भट्ट ह्यांचा 'व्यवहारमयूख' मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत प्रमाण मानला जाई. त्याच सतराव्या शतकातल्या पंडिताने आपल्या 'नीतिमयूखा'त बुद्धिबळाचे नियम दिले आहेत. वारसाहक्काचे आणि उंट-घोड्यांचे कायदे एकाच लेखणीतून उतरले, ही मला मोठी मौजेची गोष्ट वाटते. १८१४ मध्ये मुंबईस त्रिवेंगडाचार्य शास्त्री ह्यांचा ग्रंथ छापला गेला : मूळ संस्कृत, भाषांतर इंग्रजी, आणि मुखपृष्ठावरच म्हटलेले, की हे डाव युरोपीय पद्धतीस जुळवून घेतले आहेत. पेशवाई अजून चार वर्षे उरली होती, पण पटावरचे राज्य आधीच बदलू लागले होते. १८९३ साली पुण्यात विनायक राजाराम टोपे ह्यांचे 'बुद्धिबलक्रीडा' निघाले.

नियम आहेत, कूटे आहेत. नाहीत ते डाव. कोणी कोणाशी, कोणत्या दिवशी, कोणत्या चालींनी खेळला, हे आपण टिपले नाही. आमच्या बारामतीत मोरोपंतांनी आयुष्य घालवले; त्यांच्या आर्या आज वाचायला मिळतात, कारण त्या कागदावर उतरल्या. त्याच काळात इथल्या नाइकांच्या वाड्यात कोणी पट मांडून बसले असतील, तर त्यांची एकही चाल आपल्याजवळ नाही. इंदापूरच्या ओट्यावरची तरी कुठे आहे? मी तेथे बसलेला होतो आणि मला चाचांची एकही प्यादमात पहिल्यापासून शेवटपर्यंत मांडून दाखवता येणार नाही.

देशी खेळात मुरलेला माणूस विलायती पटावर काय करू शकतो, ह्याचा आणखी एक दाखला पंजाबचा. मिठ्ठा टिवाणाचा सुलतानखान सर उमर हयातखानांबरोबर १९२९ साली लंडनला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून बसला. १९३२ आणि १९३३ साली पुन्हा जिंकला. त्याला सुरुवातीच्या चालींचे पुस्तकी ज्ञान बेताचेच होते. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने माजी जगज्जेता कापाब्लांका ह्याला पासष्ट चालींत हरवले. ह्या डावाची खरी गंमत सुरुवातीत आहे. काळी मोहरी घेऊन कापाब्लांकाने वजिराकडच्या घोड्यापुढचे प्यादे एकच घर सरकवले आणि मागे उंट बसवला. म्हणजे 'क्वीन्स इंडियन'! क्यूबाचा जगज्जेता इंडियन बचाव खेळतो आहे आणि समोर बसलेला इंडियन त्याला त्यातच हळूहळू गुदमरवतो आहे. सुलतानखान परत आल्यावर १९३५ मध्ये आपल्या व्ही. के. खाडिलकरांशी त्याचा सामना झाला. दहा डाव झाले. खाडिलकरांना एक डाव बरोबरीत सोडवता आला, बाकीचे नऊ गेले. १९६६ साली सुलतानखान वारला. जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्याला सन्माननीय ग्रँडमास्टर केले ते २०२४ मध्ये.

पुढची गोष्ट मराठी वाचकाला परिचयाची आहे. सांगलीस १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ उभे राहिले आणि भाऊसाहेब पडसलगीकरांनी पिढ्या घडवल्या. १९५५ च्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत, आंध्रातल्या एलुरू गावी, रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. सर्वत्र एकच कायदा झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. तो झाला नसता तर २०२४ च्या सप्टेंबरात बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये पुरुष आणि महिला अशी दोन्ही सुवर्णपदके आपल्या संघांनी कशी आणली असती? त्या महिला संघाचे कर्णधार पुण्याचे अभिजित कुंटे होते. त्या संघातली नागपूरची दिव्या देशमुख २०२५ च्या जुलैत जॉर्जियातल्या बातुमीस कोनेरू हंपीला नमवून विश्वचषक घेऊन आली. आजोबांची उडी आणि चाचांची बुर्जी ह्या मार्गात बसत नव्हत्या.

महेशचंद्राचे डाव मात्र मी अजून मांडतो. जिंकलेलेही आहेत, पण माझा हात आधी त्या १८५५ च्या डावाकडे जातो. गेल्या उन्हाळ्यात बारामतीतल्या आमच्या आळीतला एक दहा वर्षांचा मुलगा माझ्याकडे खेळायला येत होता. काळी मोहरी घेतली की तो घोडा काढी आणि मग घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवी, अगदी चाचांसारखे, बोटाच्या टोकाने. मी विचारले, "हे एकच घर का रे?" तो म्हणाला, "काका, किंग्ज इंडियन आहे ही. सरांनी शिकवलीय." मग मी त्याला महेशचंद्राची सगळी हकीकत सांगितली; मुलुखातला ब्राह्मण, कॉक्रेनसाहेब, कलकत्ता, सारे. त्याने ती फार लक्ष देऊन ऐकली आणि शेवटी विचारले,

"त्यांचं रेटिंग किती होतं?"